पिसाविना पंख

९ जानेवारी

धाकट्या जाऊबाईंच्या सेवेसी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राचं एक बरं असतं, मधेच खट्‌कन बंद करता येत नाही. फाडून टाकता येतं, पण तू फाडणार नाहीस. वीतभर दोरा उरला तरी जपून ठेवणारी बाई तू.

आधीच सांगून ठेवते, माफी मागायला लिहीत नाही. ऑगस्टात मी तुला टेबलावरून उठवलं, तुझी खुर्ची उचलून माळ्यावर टाकली आणि भाऊजींना म्हटलं, हिला घेऊन दुसऱ्या गावी जा. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन. छातीचे डॉक्टर घसा फोडून सांगत होते की पिसांची धूळ तुला चालत नाही. आणि तू काय करत होतीस? तोंडाला रुमाल बांधून, दम्याचा पंप कपाटामागे लपवून, पिसं चिरत बसत होतीस. विचारलं तर म्हणायचीस, साधा खोकला आहे. त्या दिवशी दारात उभी राहून म्हणालीस, "ताई, तुम्ही मला घरातून काढलंत." काढलं. जिवंत काढलं.

झालं, भांडण संपलं. आता इकडचं ऐक.

परवा पाण्याचं मीटर बघायला नवा माणूस आला. तुझं रिकामं टेबल, माझं भरलेलं टेबल बघून म्हणाला, "काकू, इथे काय बनतं?" म्हटलं, माश्या. बिचारा दोन पावलं मागे सरकला. मग त्याला हातवारे करून दाखवलं. हा गळ, हा शिकंज्यात धरायचा. त्याच्यावर दोरा गुंडाळून किड्याचं पोट करायचं, वर पंख उभा करायचा, कोंबड्याच्या मानेचं पीस गोल फिरवून पाय करायचे. पाण्यावर टाकली की तरंगली पाहिजे, आणि माशाला वाटलं पाहिजे की एक किडा आत्ताच वर येऊन पंख वाळवत बसलाय. "आणि मासा फसतो?" म्हणाला. म्हटलं, "माझ्या माशीला कधीमधी फसतो. माझ्या जावेच्या माशीला हटकून फसायचा." हे त्याला म्हटलं, तुला नव्हे. उगाच हवेत जाऊ नकोस.

आणि एक. पिसांचं काम बंद करायचा विचार आहे. हल्ली माल भिकार येतो, दहा पिसांत दोन धड. कृत्रिम धाग्यांचे पंख करून बघणार आहे. तुझा याच्याशी काही संबंध नाही. हे मी ह्यांनाही सांगितलं (ह्यांना म्हणजे तुझ्या मोठ्या दिरांना, अजून तेच आहेत, बदललेले नाहीत), तर हे पेपराआड तोंड लपवून हसले. हसायला काय झालं कोण जाणे.

पंप वेळेवर घेत जा.

तुझी मोठी जाऊ


२३ जानेवारी

धाकटे,

भाऊजींनी ह्यांना फोनवर सांगितलं की तू पत्र वाचलंस आणि ड्रॉवरमध्ये ठेवलंस. ठीक आहे. केराच्या डब्यापेक्षा ड्रॉवर बरा. तू पडद्यांच्या दुकानात लागलीस हेही कळलं. पडद्यात धूळ नसते वाटतं? विचारते आपली.

पंखांचं सांगते. सगळी अडचण अशी की मला पीस अजिबातच नको आहे. पंखात नको आणि पायांतही नको. आता पाय नाहीत म्हटल्यावर माशीला पाण्यावर उभं कोण धरणार? पंखच. म्हणजे एकाच पंखानं तरंगवायचं, तोल राखायचा आणि काठावरच्या माणसाला दिसायचंही. एका सुनेकडून तीन सुनांचं काम. असा पंख कशाचा करायचा?

पहिल्यांदा वाटलं, सोप्पं आहे. फायलीच्या कव्हराचं पारदर्शक प्लॅस्टिक घेतलं, कात्रीनं पानासारखे पंख कापले, बारीक पेनानं शिरासुद्धा काढल्या. इतकी देखणी माशी झाली की ती उडून जाईल म्हणून मी तिच्यावर वाटी पालथी घातली. हे नदीवर घेऊन गेले. तासाभरात परत आले, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात दोरीचं जंजाळ. प्लॅस्टिक हवेत वाकत नाही, त्यामुळे फेकलं की माशी पंख्यासारखी गरगरते आणि सगळ्या दोरीला पीळ बसतो. हे म्हणाले, "दिसायला छान आहे. हिला भिंतीवर लाव." यांचं बोलणं तुला माहीत आहे, महिन्यातून एकदा बोलतात आणि तेव्हाही असलं काहीतरी.

मग ऑरगंझा. जुन्या पडद्याचा तुकडा होता. मऊ आहे, वाकतो, पीळही पडत नाही. पण कापलेली कड सुटते. दोन मासे लागले की पंखाची दाढी होते, आणि भिजला की चिकटून आडवा पडतो. टोपीवाल्याला दाखवला. टोपीवाला तसाच आहे. दुकानात बसूनही टोपी काढत नाही, टोपीच्या पट्टीत माश्या खोचलेल्या. म्हणाला, "बाई, मासे पिढ्यान्‌पिढ्या पिसावर वाढलेत. त्यांना पडदे काय खायला घालता?" आपला सगळा माल तोच घेतो म्हणून ऐकून घेतलं. नाहीतर तुला माहीत आहे मी किती ऐकून घेते.

फोमच्या पट्टीचाही पंख केला. तो तरंगतो, नक्की तरंगतो. पण पंख कसला, चपलेचा तळवा. पाण्यावर पडतो तेव्हा टप्‌ असा आवाज येतो आणि मासे पळून जातात.

आता धागे राहिले. तीन प्रकारचे मागवलेत. एक चमकणारा कुरळा, एक नायलॉनच्या लोकरीसारखा आणि एक पॉलीचा. पॉली म्हणजे आपल्या कपडे वाळत घालायच्या प्लॅस्टिकच्या दोरीचा मऊ भाऊ. आले की कळवते.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मला लिहायची सवय होत चालली आहे.

मोठी


६ फेब्रुवारी

धाकटे,

आज मन ठिकाणावर नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

तिन्ही धाग्यांच्या माश्या बांधल्या. तीन दिवस बांधत होते. नुसता धागा पाण्यावर टाकला तर पॉलीचा मस्त तरंगतो. गळावर बांधला की दगड. तिन्ही बुडाल्या. पंख जाड केला, बुडाली. पातळ केला, बुडाली. गळ बारीक घेतला, तीही सावकाश, मानानं, पण बुडाली. पॉलीवर माझी सगळी भिस्त होती. तो पाण्याहून हलका असतो, पाणी पीत नाही, असं ज्यानं त्यानं सांगितलं. खोटारडे मेले.

तू म्हणशील, एवढं काय त्यात, पिसांवर परत जा. इथेच गोची आहे. तुला एक सांगितलेलं नाही. जानेवारीत "विचार आहे" असं लिहिलं, तेव्हा विचार कधीच होऊन गेला होता. सगळी पिसं मी डिसेंबरातच देऊन टाकली होती. खालच्या गावात माश्या बांधणारे मास्तर आहेत ना, ते हातगाडी घेऊन आले आणि सगळे डबे घेऊन गेले. माना, शेपट्या, बदकाची मऊ पिसं, तू रंगवलेली ती राखाडी, सगळं. घरात उशीतसुद्धा पीस उरलेलं नाही. उश्याही बदलल्या.

घाई का केली म्हणून ह्यांनी विचारलं. म्हटलं, पिसं डोळ्यांसमोर असती तर मी पुन्हा त्यांच्याकडेच वळले असते. सरळ रस्ता सोपा असतो. ह्यांनी माझ्यासाठी चहा करून आणला. त्यात साखर घालायला विसरले.

हंगाम एप्रिलात उघडतो. टोपीवाल्याला मार्चअखेर माल हवा. माझ्याकडे द्यायला बुडणाऱ्या माश्या आहेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आणि तुझा संबंध नाही असं लिहिलं होतं, तेही खोटंच. खालची खोली पिसांशिवाय चालली तर तिथे तुला बसता येईल, एवढा एकच हिशोब होता. तो चुकला. तू तिथे सुखात राहा. तब्येत सांभाळ. पडदे विकणं काही वाईट नाही.

मोठी


१७ फेब्रुवारी

धाकटे! धाकटे! धाकटे!

पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या महिन्यांनी तुझं अक्षर बघितलं आणि त्यावर काय, तर ना नमस्कार, ना खुशाली: "ताई, पिसं धुवायच्या टबात तपासलंत ना? दादांच्या डबीतली जुनी माशी त्यात टाकून बघा."

मी चप्पल न घालता खाली धावले. ह्यांच्या डबीत तुझ्या हातची एक माशी होती, पिसाची, गेल्या हंगामातली, ह्यांची लाडकी. मुसळधार पावसातही बुडाली नाही असं हे सांगतात. ती टबात टाकली. क्षणभर उभी राहिली आणि मग तळाला जाऊन बसली. कधी न बुडलेली माशी डोळ्यांदेखत बुडाली आणि मी टाळ्या वाजवल्या. ह्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

साबण! वर्षानुवर्षं आपण त्या टबात साबणाच्या पाण्यानं पिसं धुतली. तो टब कितीही विसळा, साबण सुटत नाही. आणि साबणाच्या पाण्यावर काही म्हणजे काही उभं राहत नाही. मला कळायला हवं होतं. पण ताडून बघायला हाताशी एक पीस ठेवलं नव्हतं ना मी, आणि ह्यांची डबी आठवलीच नाही! दोष पाण्याचा आणि शिव्या खाल्ल्या धाग्यांनी. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

काचेचा मोठा बाऊल घेतला, गरम पाण्यानं धुतला, नदीचं पाणी आणून भरलं. कुरळा चमकणारा धागा थोडा वेळ राहिला, मग पाणी पिऊन जड झाला. नायलॉन त्याच्याही आधी गेला. पॉली बसला. सकाळी टाकली ती जेवणं झाली तरी तिथेच, टेचात. मी फुंकर मारली, हलली, पडली नाही. मी बोटानं बुडवली तर पुन्हा वर आली, एवढंसं अंग झटकून.

कानामागून आली आणि तिखट झाली असं तुला लग्नानंतर मी म्हटलं होतं. आज परत म्हणते. या वेळी कौतुकानं.

तुला एक सांगू? ते पोस्टकार्ड वाचून आधी रागच आला. इथे मी जीव टाकते आहे आणि ही बाई दोन ओळींत माझी अक्कल काढते. मग लक्षात आलं, तुला राहवलं नाही. मी चुकते आहे हे बघून तुला गप्प बसवलं नाही. ते कळल्यावर मी जिन्यातच बसून रडले. ह्यांना सांगू नकोस, त्यांना वाटतं कांदा होता.

सोबत एक माशी पाठवते आहे. काय ती नावं ठेव.

मोठी


८ मार्च

धाकटे,

पाकीट उघडलं तर चिठ्ठी नाही, नुसती माझीच माशी, पंखाचे निम्मे धागे उपटलेले. समजले. पंख जाड झाला होता.

तुझ्या हिशोबानं निम्मे धागे घेऊन बांधले. शिवाय एक सुचलं. एकच ताठ झुबका उभा करण्याऐवजी धागे गळावर आडवे बांधायचे, उचलून धरायचे, मागून दोऱ्याचा टेकू द्यायचा आणि सुईनं विंचरून अर्धगोलात पसरायचे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. म्हणजे दोन्ही बाजूंचे धागे पाण्याला टेकतात आणि माशी त्यावर उभी राहते. पाय लागतच नाहीत. शेपटीला दोन ताठ केस, तेही कृत्रिम, एकमेकांपासून फाकवलेले. बाऊलमध्ये कशीही टाका, सरळच पडते. ह्यांनी पाठीमागून, डोळे मिटून, हाताला येईल तशी टाकून बघितली.

आता रंगाचं भांडण. मला वाटलं, राखाडी, किड्यासारखा. हे म्हणाले, राखाडी मला दिसत नाही. यांचे डोळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, आणि टोपीवाल्याचीही निम्मी गिऱ्हाइकं यांच्याच वयाची. पांढरा करून बघितला. तो फेसात हरवतो, नदीवर जिथे तिथे बुडबुडे असतात. मग पुडीत तळाशी गुलाबी लड निघाली. माझं मन धजेना. हे म्हणाले, "मासा खालून बघतो. त्याला पोट दिसतं. पंखाचा रंग त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे." सलग तीन वाक्यं! मी मुकाट्यानं गुलाबी बांधला. संध्याकाळी पाणी चांदीसारखं चकाकतं तेव्हा मात्र गुलाबीही नाही, काळा लागतो. तेव्हा दोन रंग ठरलेत.

खोलीचंही सांगून टाकते. जमिनीवरचा गालिचा काढला. दोन्ही कपाटं बाहेर ओढून मागची धूळ पुसली. भिंती ओल्या फडक्यानं पुसून मग रंग दिला. मीटरवाला पुन्हा आला होता, त्यानं छत रंगवायला हात लावला. खिडकीला नवी जाळी. तुझा पंप कपाटामागे सापडला, जुना, रिकामा. तो फेकला. इतका राग आला होता त्याच्यावर.

मोठी


२ एप्रिल

धाकटे,

आज नदीवर परीक्षा झाली. बसून वाच.

टोपीवाला म्हणाला होता, पाण्यात बघितल्याशिवाय एकही माशी ठेवणार नाही. तो त्याच्या पिसाच्या माश्या घेऊन आला, हे आपल्या पॉलीच्या घेऊन. शेजारी शेजारी उभे राहिले. मी काठावर दगडावर बसले, हातात डबा, जीव टांगणीला.

गुलाबी पंख बघून टोपीवाला म्हणाला, "मासे लग्नाला आलेत का?" आणि पहिलाच मासा त्याच्या माशीला लागला. दुसराही त्यालाच. मग तिसऱ्यानंतर बघते तर त्याची माशी चिकट होऊन बसली. मासा तोंडात धरतो त्याचा बुळबुळीतपणा पिसाला लागला की ते काही वाळेना. पुसली, फुंकली, पावडर लावली, शेवटी बदलली. ह्यांची तीच. दोनदा हवेत हेलकावली की पाणी झटकून पुन्हा वर. ह्यांना दुपारपर्यंत एकही लागला नव्हता आणि नंतर ओळीनं लागायला लागले. मी मोजत नव्हते. खरं म्हणजे मोजत होते, पण टोपीवाल्याला एक जास्त लागला, तेव्हा आकडे राहू देत.

ऊन उतरलं. पाणी चकाकायला लागलं. टोपीवाला डोळ्यांवर हात धरून विचारायला लागला, "माझी कुठे गेली?" ह्यांनी काळा पंख लावला होता, तो मला काठावरूनही दिसत होता. टोपीवाल्यानं जरा वेळ बघितलं. मग ह्यांच्या डबीत हात घातला, एक काळी उचलली, बांधली. जाताना एक गुलाबी उचलली आणि टोपीच्या पट्टीत खोचली. तुला माहीत आहे, जी माशी तो विकणार नाही ती तो टोपीत लावत नाही.

सगळा माल घेणार नाही म्हणाला. आधी एक खण ठेवतो, लोकांनी उचलल्या तर बघू. मला तेवढं पुष्कळ आहे.

आता स्पष्टच विचारते. येतेस का? चार दिवस ये, बसून बघ, छाती काय म्हणते ते बघ. डॉक्टरांना मी भेटून आले. ते म्हणाले, पिसं गेली असतील तर प्रयत्न करायला हरकत नाही, पंप जवळ ठेवा, त्रास झाला तर लगेच कळवा. भाऊजींचं म्हणशील तर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला कुठेही काम मिळतं. इथल्या लिफ्टही बिघडतात.

मोठी


२१ एप्रिल

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मोठं पत्र लिहिलंस, बरं वाटलं. आतला मजकूर वाचून नाही वाटलं.

तू लिहितेस, "ताई, छातीची भीती नाही. भीती वेगळी आहे. मी तिथे आले आणि एकदा जरी खोकला आला, तर तुम्ही माझी खुर्ची परत उचलणार. एकदा उठवलेलं सहन केलं. दुसऱ्यांदा नाही होणार." आणि हेही, की तू पंप लपवायचीस ते माझ्या भीतीनं, आजाराच्या नव्हे.

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तू हट्टी आहेस. आता वाटतं, तू खोकलीस की मी ज्या नजरेनं बघायचे, ती तू चुकवत होतीस. माझी बहीण अशीच खोकत गेली. तुला कधी सांगितलं नाही, कारण त्यावर बोलता येत नाही मला. तुझा खोकला ऐकला की मी पंचवीस वर्षांची होऊन तिच्या उशाशी जाऊन बसायचे, आणि मग जे तोंडाला येईल ते बोलायचे. 'जा' हा शब्द त्यातूनच आला. तो बरोबर होता, असं मी अजूनही म्हणते. पण मी तो ज्या आवाजात म्हटला तो तुझ्यासाठी नव्हता.

मी खोकला थांबवू शकत नाही. वचन देते ते एवढंच: पंप टेबलावर उघडा ठेव, शिकंज्याशेजारी, कात्रीसारखा. लागेल तेव्हा घे. मी माझ्या खुर्चीतून उठणार नाही. काय करायचं ते डॉक्टर ठरवतील आणि तू ठरवशील.

खुर्ची माळ्यावरून खाली आणली आहे. एक पाय डुगडुगत होता, ह्यांनी बसवला.

टोपीवाल्याचा खण रिकामा झाला. पुन्हा भरून मागितलाय, गुलाबी जास्त. माझ्या एकटीच्यानं होणार नाही, पण त्यासाठी येऊ नकोस. यायचं असेल तर ये.

मोठी


५ मे, सकाळ

धाकटे,

तू वर झोपली आहेस. मी बाजारात जाते आहे, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या उशाशी ठेवली.

तुला वाटत असेल, काल मला काही दिसलं नाही. सगळं दिसलं. आल्या आल्या तू दारात उभी राहून आधी हवा हुंगलीस, कुत्र्यासारखी. मग खिडकी बंद करायला सांगितलीस, मुद्दाम. दिवसभर बंद खोलीत बसलीस. मी केलेल्या माश्या एकेक उचलून बघितल्यास, ब्लेडनं दोरा कापून निम्म्या उसवल्यास आणि म्हणालीस, "ताई, पंख गळाच्या नेढ्यावर चढलाय. मागे घ्या, नाहीतर तोंडावर पडेल." डबाभर माल उसवला माझा. कोणी माझं काम उसवून मला इतकं सुख दिलं नव्हतं.

आणि दुपारी तू खोकलीस.

दोनदा. मग पंप घेतलास. मी दोरा गुंडाळत होते, गुंडाळत राहिले. माझ्या शिकंज्यातली ती माशी बघशील तर कळेल, गळावर दोऱ्याचा नुसता गठ्ठा झालाय. पण उठले नाही. तूही उठली नाहीस. थोड्या वेळानं तू म्हणालीस, "कात्री द्या," आणि मी दिली. संध्याकाळपर्यंत पुन्हा आला नाही. रात्री शांत झोपलीस.

आज डॉक्टरांकडे जायचं आहे, दहाची वेळ आहे. ते जे सांगतील ते ऐकू. आठवड्यातून चारच दिवस बस म्हणाले तर चार दिवस. तासभरच म्हणाले तर तासभर. बाकीचं बघता येईल.

पण डॉक्टरांच्या आधी मला एक विचारायचं आहे, आणि ते त्यांच्या उत्तरावर अवलंबून नाही. खालच्या खोलीत कामाला बसता आलं किंवा नाही आलं, तरी. मागच्या वेळी तुला न विचारता जा म्हटलं. या वेळी विचारते.

घरी राहतेस का?

उत्तर लिहू नकोस. आपण दोघी लिहिण्यात फार पटाईत झालो आहोत. मी येईपर्यंत थांब आणि तोंडानं सांग.

ताई